मॅडमनी चहा सांगितला

१५ जून १९९८

शाळा सुरू झाली. प्रार्थनेला नऊशे मुलं आणि एकाही रांगेत चुळबुळ नाही. मी मंचावर जाऊन उभी राहिले की आपोआप शांत होतात, शिट्टी वाजवावी लागत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मुख्याध्यापिका होऊन बारा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं दहावीचा निकाल शंभर टक्के. मलकपेठेत तरी दुसऱ्या कुठल्या शाळेने हे करून दाखवलेलं नाही.

एकनाथराव सकाळीच येऊन गेले. संस्थेचे चिटणीस आहेत, म्हणजे त्यांना वेळ ठरवून यावं लागत नाही. जुलैपासून एक विशेष शिक्षिका येणार म्हणाले. विशेष म्हणजे अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी. मी म्हटलं, मागे पडणारी मुलं आपल्याकडे राहतातच कुठे?

"हौ ना मॅडम, मालूम आहे मला," ते हसले. "पण आता पुण्या-मुंबईचे कंप्यूटरवाले लोक यायलेत. ते हे असलं विचारतात. कुकटपल्लीच्या त्या नव्या शाळेत एसी बसा आहेत. आपण एसी कुठून आणायचा? एक बाई ठेवू. माहितीपत्रकात फोटो छापायला होते."

फोटोपुरती असेल तर माझी हरकत नाही.

६ जुलै

विशेष बाई आल्या. त्रिवेणी नाव. सत्तावीस-अठ्ठावीसची, पंजाबी ड्रेस, केसांना साधी क्लिप. मराठीच आहे, पण चार पिढ्या इथल्याच, त्यामुळे बोलताना मध्येच "नक्को" येतं. सिकंदराबादला कसलंसं प्रशिक्षण घेतलं आहे. तिला जिन्याखालची खोली दिली. संमेलनाचे ढोल आणि लेझिमी तिथेच राहतील, हे आधीच सांगून टाकलं. "चालतंय मॅडम, मुलांना वाजवायला होतील," म्हणाली. वाजवायला!

माझ्या खोलीत आली ती सरळ खुर्ची ओढून बसली. मी बस म्हटलं नव्हतं. बाकीचे शिक्षक बारा वर्षं माझ्याशी उभ्याने बोलत आले आहेत, त्यांचं काही अडलं नाही.

२४ जुलै

सकाळी रोजच्यासारखा पेपर मोठ्याने वाचला, ह्यांनी दाढी करता करता ऐकला. लग्न झाल्यापासूनचा परिपाठ. लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, दिवसभर रिकामे असतात, पण स्वतः पेपर हातात धरतील तर शपथ. बँकेची स्लिप मी भरायची, मुलाच्या, विकासच्या, पत्राला उत्तर मी लिहायचं. फोरमनची परीक्षा दोनदा आली आणि दोन्हीदा ह्यांना नेमका ताप. माणसाला काही उमेद असावी की नाही?

शाळेत त्रिवेणी नावं घेऊन आली. "मॅडम, ही मुलं ढ नाहीत. त्यांना वाचायला-लिहायला त्रास होतो. तो वेगळाच प्रकार असतो." पहिलं नाव मानसीचं, दहावी अ. मला हसूच आलं. ही मुलगी आठवीत पुण्याहून आली. वडील, मंदार, कंप्यूटर कंपनीत आहेत. तोंडाने तिला काहीही विचारा, उत्तर देते, वर आपल्यालाच दोन प्रश्न विचारते. आणि लिहायला बसवलं की अर्धे शब्द उलटेपालटे आणि पेपर निम्मा कोरा. इतकी बोलणारी मुलगी लिहीत नाही, याला आमच्या वेळी आळस म्हणत. नववीतच काढायची होती, पण पुण्याचं घराणं म्हणून एकनाथरावांनी ठेवायला लावली.

५ ऑगस्ट

आज मानसीच्या आईला चहाला बोलावलं.

हे नीट लिहून ठेवते, उद्या कोणी मला निर्दय म्हणू नये. ज्या मुलाला दहावी झेपणार नाही, त्याच्या पालकांना मी कधी तोडून बोलत नाही. एरवी पालक माझ्या टेबलासमोर उभे असतात. पण अशा पालकांना मी खुर्ची देते, कपबशीत चहा देते, दोन उस्मानिया बिस्किटं देते. चहा अर्धा झाला की म्हणते, मूल गुणी आहे, पण त्याने बाहेरून परीक्षा दिली तर त्यालाच बरं. दाखला तयार असतो. पालक समजून घेतात, काही जण आभारसुद्धा मानतात. सगळ्या शाळेला हे ठाऊक आहे. "मॅडमनी चहा सांगितला" एवढं कानावर आलं की वर्गशिक्षक हजेरीतून नाव कमी करायच्या तयारीला लागतात. भात लावण्याआधी तांदळातले खडे वेचावेच लागतात.

पण ह्या मेधाबाई पुण्याच्या, त्यांना कपबशीचा अर्थ कुठून कळणार? त्यांनी बिस्किट चहात बुडवून खाल्लं, दुसरं रुमालात बांधून मानसीसाठी पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, "फार बरं वाटलं मॅडम. ह्या शाळेत पहिल्यांदाच मला कोणी बसा म्हणालं."

मग त्यांनीच एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. अशा मुलांना बोर्ड पाऊण तास जादा देतं आणि लेखनिक देतं, मूल तोंडाने उत्तर सांगतं आणि लेखनिक ते लिहितो, असं त्रिवेणीने त्यांना सांगितलं होतं. मुख्याध्यापकांची सही लागते. पंधरा नोव्हेंबरच्या आत.

मी म्हटलं, "मानसीने बाहेरून बसावं."

"बाहेरून बसली तर अर्जावर सही कोणाची?"

"कोणाची नाही."

"म्हणजे लेखनिक नाही. म्हणजे ती नापास होणार."

"ते तिच्या हातात आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हा चहा त्यासाठी होता?"

मी दाखला पुढे सरकवला. दाखला उचलायला हवा होता, तो त्यांनी उचलला नाही. अर्ज मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. उद्धट बाई. मी तो खणात टाकून दिला.

१७ ऑगस्ट

प्रार्थनेनंतर रोज दहावीतलं एक मूल बातम्या वाचतं. आज मानसीची पाळी होती. खणखणीत आवाजात वाचायला लागली, पण माझ्या लक्षात आलं की तिचे डोळे कागदावर नाहीतच. आईने घरी वाचून दाखवलेलं पाठ करून आली होती. मी पुढे झाले, तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि माझ्या पर्समधला पेपर दिला. म्हटलं, "आता हे वाच."

तिने पेपर धरला. ओठ हलले. आवाज आला नाही. पहिलाच शब्द ती तीनदा सुरू करायला गेली. मागच्या रांगांतून हसणं सुरू झालं, मी थांबवलं नाही. कळू दे एकदा. तिच्या हातातला पेपर वाजायला लागला, माइकमधून तो आवाज सगळ्या मैदानावर ऐकू येत होता.

तेवढ्यात त्रिवेणी परवानगी न घेता मंचावर चढली. मानसीच्या हातातून पेपर घेऊन, तिच्या शेजारी उभी राहून स्वतः बातम्या वाचल्या. खाली उतरताना मला म्हणाली, "बस्स झालं मॅडम." सगळ्या शाळेसमोर! तिला लेखी समज दिली.

उपमुख्याध्यापक नामदेवरावांना मी म्हटलं, पाठ करायची मेहनत घेते, मग वाचायची का घेत नाही? ते म्हणाले, "जी मॅडम." नामदेवरावांचं हे बरं आहे, त्यांना वाद घालायची खोड नाही. कोणालाच नाही. मी शिक्षकखोलीत पाऊल टाकलं की पंख्याचा आवाज ऐकू येतो.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. "किती वेळ उभं ठेवलंस तिला?" म्हणाले. मी म्हटलं, वेळ कोण मोजतं? हे ताटावरून उठले. आमटी झणझणीत झाली होती कदाचित.

१९ सप्टेंबर

माहितीपत्रक छापून आलं. गुळगुळीत कागद. पहिल्याच पानावर त्रिवेणी आणि मानसी यांचा फोटो, दोघी एका ठोकळ्यांच्या खेळावर वाकलेल्या. खाली लिहिलं आहे, "प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष." एकनाथराव भलतेच खूश होते. मी विचारलं, दाखला काढायच्या मुलीचा फोटो कशाला? म्हणाले, "पोरगी गोरी आहे, दिसायला चांगली आहे. परीक्षा होईपर्यंत कोण बघायलंय?"

मानसी आता मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जाते.

२० ऑक्टोबर

दिवाळीचा दिवस आणि घरात हे.

मी कालच्या पणत्या धुवून पालथ्या घालत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सुलभा, त्या मुलीच्या कागदावर सही कर."

मी म्हटलं, शाळेतलं तुम्हाला काय कळतं?

"शाळेतलं नाही कळत. तिचं कळतं. अक्षरं जागेवर उभी राहत नाहीत. आपण एक धरायला जावं तर दुसरं सुटतं." मग थांबून म्हणाले, "वर्कशॉपात बोर्डावर सूचना लागायची ना, तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभा राहायचो. कोणीतरी मोठ्याने वाचलं की मग पुढे जायचो. परीक्षेच्या दिवशी मला ताप नव्हता, सुलभा. दोन्हीदा मौलाअलीच्या टेकडीवर जाऊन बसलो होतो."

आणखी दोन पणत्या मी पालथ्या घातल्या. मग भयंकर राग आला. आयुष्यभर मी ह्यांना आळशी म्हणत आले, पाहुण्यांसमोर म्हटलं, विकाससमोर म्हटलं, आणि हे मान खाली घालून ऐकत राहिले! मी विचारलं, आळशी म्हणवून घेताना बरं वाटत होतं का तुम्हाला?

"दुसऱ्या शब्दापेक्षा बरं होतं," म्हणाले.

मी म्हटलं, मग झालं तर. तुमचं काही अडलं का लेखनिकावाचून? नोकरी झाली, संसार झाला, मुलगा शिकला. तिचंच का अडावं? सगळ्यांनीच लाड मागायचे म्हटले तर शाळा चालवायची कशी?

हे बाहेर पायरीवर जाऊन बसले. फराळाचं ताट तसंच राहिलं. मी सही करणार नाही.

२ नोव्हेंबर

ह्यांनी आज पेपरवाल्याला दारातूनच परत पाठवलं, उद्यापासून टाकू नको म्हणून सांगितलं. सकाळी काय करावं तेच कळेना, शाळेत फार लवकर जाऊन बसले.

१३ नोव्हेंबर

दुपारी वर्गांवरून फेरी मारून माझ्या खोलीत गेले, तर एकनाथराव माझ्या खुर्चीत बसलेले. समोर नामदेवराव, तेही बसलेले.

"या मॅडम, बसा, बसा," एकनाथराव म्हणाले आणि शिपायाला हाक मारली. "मॅडमसाठी चहा आण. कपबशीत."

मी उभीच राहिले.

"मी काय म्हणतो, मार्चनंतर तुम्ही आराम करा. खूप केलं तुम्ही शाळेसाठी. नामदेवराव सांभाळतील आता."

"माझी दोन वर्षं बाकी आहेत."

"हौ, पण जमाना बदलला ना मॅडम. लोकांना जरा हसतमुख माणूस पाहिजे." नामदेवराव जमिनीकडे बघत होते. "अन् जाण्याआधी दोन कामं करून टाका. त्या त्रिवेणीला काढा, फोटो छापून झाला. कायकू उगाच ठेवायची? अन् ती पुण्याची पोरगी. तिचं नाव परवा बोर्डाकडे जाऊ नये, आपल्या शंभर टक्क्यांना बट्टा लागेल. अहो, ज्यांना दोन ओळी वाचता येत नाहीत त्यांनी शाळेत करायचं काय? हातोडा घ्यावा अन् रेल्वेच्या वर्कशॉपात जावं. तिथे असलेच ठोंबे भरलेत सगळे."

चहा आला. दोन बिस्किटं होती बशीत. शिपायाने कप माझ्याकडे न बघताच टेबलावर ठेवला, बशीत चहा सांडला. त्यालाही अर्थ ठाऊक होता.

मी म्हटलं, "एकनाथराव, उठा."

त्यांना वाटलं मी गंमत करते. मी पुन्हा म्हटलं, प्रार्थनेच्या मंचावरच्या आवाजात. ते उठले. नामदेवरावही उठले. मी माझ्या खुर्चीत बसले, खण उघडला, मेधाबाईंचा अर्ज काढला आणि सही केली. शिक्का मारला. शिवाय ज्यांना बाहेरून बसवायचं ठरलं होतं त्या दहावीतल्या आणखी तीन मुलांची नावं शाळेच्या यादीत परत लिहिली. एकनाथराव म्हणाले, "मॅडम, निकाल पडेल. तुमचाच निकाल आहे हा." मी म्हटलं, पडू दे. कागद स्वतः बोर्डाच्या कार्यालयात नेऊन दिले, दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाहीत.

हे मी कोणावर उपकार म्हणून केलेलं नाही. मेधाबाईंचा मला अजून राग आहे, त्रिवेणीचा तर आहेच. न विचारता कोणी माझ्या खुर्चीत बसतो, हे मी खपवून घेणार नाही, एवढंच. ह्यांनाही घरी गेल्यावर तसंच सांगितलं. एकनाथराव वर्कशॉपबद्दल काय बोलले ते सांगितलं नाही. हे "बरं" म्हणाले आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

२५ नोव्हेंबर

त्रिवेणीला संस्थेने परस्पर काढलं. जिन्याखालच्या खोलीला कुलूप आहे. ती आता रोज संध्याकाळी कुकटपल्लीला मानसीच्या घरी जाते, असं शिपायाकडून कळलं.

लेखनिक खालच्या इयत्तेतलाच लागतो. मी शिक्षकखोलीत गेले, म्हटलं, नववीतली चांगल्या अक्षराची एक मुलगी द्या. बोलणं चालू होतं, ते चालूच राहिलं. कोणी उठलं नाही. नववीच्या बाई स्वेटर विणत होत्या, त्या सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या, "नामदेवरावांना विचारून सांगते." हे लोक बारा वर्षं माझ्यासाठी उठून उभे राहत होते. मला वाटायचं, मान देतात. इतकं वाईट मला एकनाथरावांच्या बोलण्यानेही वाटलं नव्हतं.

शेवटी त्रिवेणीनेच ईशा नावाच्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईवडिलांची परवानगी मिळवली. मला निरोप पाठवला, "लेखनिक मिळाली. तुम्ही परेशान होऊ नका." मी परेशान नव्हते.

२२ मार्च १९९९

आज पहिला पेपर होता, हिंदीचा. माझं जायचं काही काम नव्हतं, पण आठ दिवसांनी मी मुख्याध्यापिका नसणार, तोवर आहे. म्हणून गेले.

आणि गेले ते बरं झालं. केंद्रप्रमुख दारातच मानसीला अडवून उभे. लेखनिकाबद्दल आम्हाला काही कळवलेलं नाही म्हणे. ईशा रडायच्या बेतात, मेधाबाई हात जोडून विनवत होत्या, त्रिवेणी कागद दाखवत होती, आणि तो माणूस कागदाकडे पाहायलाच तयार नव्हता. मी मध्ये गेले. माझा जो आवाज आहे तो लावला. बोर्डाचा शिक्का त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, वाचा, मोठ्याने वाचा. आजूबाजूची सगळी मुलं गप्प झाली. त्यांनी वाचलं. मानसी आणि ईशाला वेगळी खोली मिळाली. आत जाताना मानसीने मागे वळून पाहिलं नाही.

मग आम्ही तिघी बाहेर कडुनिंबाखाली थांबलो. मेधाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्रिवेणीने पाण्याची बाटली पुढे केली, मी नको म्हटलं. वेळ संपल्याची घंटा झाली. सगळी मुलं बाहेर आली, आमच्या शाळेतलीही. मला टाळून गेली. पटांगण रिकामं झालं, शिपायाने फाटक अर्धं लावून घेतलं. मानसी आतच होती, तिचा जादा पाऊण तास बाकी होता. एवढ्या मोठ्या इमारतीत ती आणि ईशा, दोघीच. खिडकीतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता. मी उन्हात पुढे सरकून ऐकत राहिले. डोक्यावर ऊन आहे हे नंतर लक्षात आलं.

ती धावतच बाहेर आली. "आई, सगळा झाला! शेवटच्या प्रश्नापर्यंत! निबंधसुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा माझा पेपर पूर्ण झाला!" मेधाबाई रडायला लागल्या. त्रिवेणीने तिला उचललंच. इतका आनंद झालेला कुठलाच चेहरा मी आमच्या शाळेत पाहिलेला नव्हता. मलाही वाटलं, काही बोलावं. शाबास तरी म्हणावं. मी दोन पावलं पुढे झाले.

मानसीचं लक्ष गेलं. हसणं जागच्या जागी थांबलं. पंधरा वर्षांची मुलगी, आईच्या उंचीची, पटकन सरकून आईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

मी तिला काही करणार नव्हते.